डिझेल गाडीसाठी ऑइल घेताना डब्याची मागची बाजू वाचा

बीएस-६ (धुराचा सध्याचा नियम) डिझेल गाडीसाठी इंजिन ऑइल मागताना बहुतेक जण दुकानदाराला फक्त '५डब्ल्यू-३०' एवढेच सांगतात. हा आकडा ऑइलच्या दाटपणाचा आहे; इंजिनात आणि धुराच्या वाटेवर किती थर साचेल, हे त्यावरून मुळीच कळत नाही. ते डब्याच्या मागच्या बारीक मजकुरात लिहिलेले असते.

एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्यात अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते. परंतु ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताच्या संयुगांची राख कितीही तापवली तरी जळत नाही आणि फिल्टर उतरवून साफ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत तिथेच बसून राहते. म्हणून मागच्या बाजूला 'एसीईए सी३' हा (युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा) दर्जा शोधावा, कारण त्यात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रक-बससाठीच्या 'एपीआय सीके-४' या अमेरिकी दर्जामध्ये ती १ टक्का आहे. जुन्या 'सीआय-४' मध्ये अशी मर्यादाच नाही, त्यामुळे स्वस्त मिळाले तरी ते डीपीएफच्या गाडीत टाकू नये. मॅन्युअलमध्ये 'सी२' लिहिले असेल, तर मात्र सी२च घ्यावे.

कमी राखेचे ऑइल इंजिन कमी स्वच्छ ठेवते, ही शंका गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग असते, पूर्वी ते ५० होते. गंधकामुळे होणारे आम्लच कमी तयार होत असल्याने ते मारणारी धातूची संयुगेही कमी पुरतात. पिस्टनच्या रिंगांच्या खाचा आणि टर्बोचे बेअरिंग येथे कोळशासारखा थर धरतो तो ऑइल उष्णतेने करपल्यामुळे, आणि तेथे पूर्ण सिंथेटिक ऑइल जास्त काळ टिकते. त्याची वाफही कमी होते, त्यामुळे ईजीआरच्या (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) काजळीत मिसळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, चिकटणारा काळा लगदा कमी साचतो.

मुंबईत याशिवाय आणखी एक काळजी घ्यावी लागते. दहिसर ते अंधेरी रांगत जाणाऱ्या गाडीत फिल्टरमधली काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते, ते पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि अनेक इंजिनांत त्यासाठी सोडलेले जादा डिझेल रिंगांजवळून ऑइलमध्ये उतरते. सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर थोडे ऑइल काढून भागवू नये, सगळे बदलावे. अशा वापरासाठी किलोमीटर पुरे होण्याची वाट पाहू नये, मॅन्युअलमधले कठीण परिस्थितीचे वेळापत्रक पाळावे. ऑइल बदलताना ऑइल फिल्टरही नवा घालावा, आणि वरून 'इंजिन ट्रीटमेंट'ची बाटली ओतू देऊ नये, कारण तिच्यात धातूची संयुगे असली तर तेवढी राख डीपीएफमध्येच जाते.