गेस्ट दुसऱ्यांदा येतो तेव्हा

१ जुलैला टोस्टमास्टर्स क्लबची, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्या क्लबची, नवी कमिटी बसते. व्हीपी मेंबरशिप, म्हणजे नवे मेंबर जोडायचं पद, तुमच्या गळ्यात पडलं असेल तर सगळे एकच सांगतील, गेस्ट आणा. आणा की. कोल्हापुरात ते अवघड नाही. विद्यापीठात मुलाखतीच्या तयारीतली मुलं आहेत, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत परदेशी ग्राहकासमोर प्रेझेंटेशन द्यायच्या नावानं घाबरणारे इंजिनिअर आहेत, शिक्षिका आहेत, नवे वकील आहेत. एक मेसेज फिरला की चार-पाच जण येतात. गळती पुढं होते, दुसऱ्या मीटिंगला.

मी स्वतः तिथंच अडकले होते, म्हणून एवढ्या पोटतिडकीनं सांगते. पहिल्यांदा गेस्ट म्हणून गेले तेव्हा दारातच नाव विचारलं, पुढच्या रांगेत बसवलं, शेवटी चार वाक्यं बोलले त्यालाही टाळ्या पडल्या. आता आपण शिकणार, असं वाटलं. धीर करून परत गेले, तर कुणाचं माझ्याकडं लक्षच नाही. नवी नव्हते, म्हणून स्वागत नाही. मेंबर नव्हते, म्हणून अजेंड्यावर नाव नाही. मागच्या वेळी कौतुक करणारे सगळे त्या दिवशीच्या नव्या गेस्टभोवती. कुणी वाईट वागलं नाही, त्यामुळं तक्रार तरी काय करायची? मी जाणं सोडलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फाइल शेजाऱ्याकडं सरकवून गप्प बसणं परत सुरू झालं, आणि ते बराच काळ चाललं. तो काळ आजही सलतो.

पहिल्या वेळी माणूस बघायला येतो. त्याला काही ठरवायचं नसतं. दुसऱ्या वेळी मात्र तो घरच्यांना सांगून, संध्याकाळची कामं बाजूला ठेवून येतो. इथं आपल्याला काही काम आहे का, हे त्याला बघायचं असतं. आणि नेमकं त्याच दिवशी आपण त्याला मोकळं सोडतो. म्हणून दुसऱ्या भेटीची तयारी पहिल्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करा. फोन करा. साचेबंद मेसेज नको, फोनच. ‘कसं वाटलं’ विचारून थांबू नका, ‘कुठं अवघडल्यासारखं झालं’ हेही विचारा. मग सांगा, ‘पुढच्या वेळी टायमरशेजारी बसाल का?’

टायमरच का? टायमर म्हणजे बोलणाऱ्याची वेळ मोजणारा. टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर कुणी बोलत असताना, एका मिनिटाला हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, दोन मिनिटांना लाल, एवढंच दाखवायचं असतं. पण त्या कामासाठी सुरुवातीला नियम सांगायला उभं राहावं लागतं आणि नंतर कुणी किती वेळ घेतला ते वाचावं लागतं. म्हणजे भाषण न करताही माणूस दोनदा उभा राहून बोलतो, आणि हातात कागद असल्यानं पाय लटपटत नाहीत. पहिल्यांदा मेंबरनं बोलावं, जमेल तेव्हा शेवटचा रिपोर्ट गेस्टला द्यावा.

टेबल टॉपिकला मात्र गेस्टचं नाव न विचारता पुकारू नका. कधीच नाही. ‘सरप्राइज’ म्हणून उभं केलेली माणसं मी परत न आलेली पाहिली आहेत. गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीत माईक न सोडणारा पोरगा इंग्रजी म्हटलं की आक्रसतो, हे कोल्हापुरात राहून आपल्याला कळायला हवं. आमच्याकडं गेस्टला मराठीत बोलायची मुभा आहे आणि ती आधीच सांगितलेली असते.

फीबद्दल आडपडदा नको. १ ऑक्टोबर आणि १ एप्रिल अशी सहामाही वर्गणी असते, मधेच येणाऱ्याला उरलेल्या महिन्यांचीच भरावी लागते, शिवाय नव्या मेंबरची एकदाची वेगळी फी. हे त्यानं विचारायच्या आधी सांगा. ‘आजच फॉर्म भरा’ असा लकडा लावणं मला अजिबात पटत नाही. पहिल्याच दिवशी गेस्टला मेंबरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकणं तर त्याहून नाही. शंभर गुड मॉर्निंगमध्ये तो हरवतो, आणि आपल्याला वाटतं संपर्क झाला.

फॉर्म आला, क्लबनं मतदान करून स्वीकारला, की त्याच आठवड्यात आइसब्रेकरची, म्हणजे नव्या मेंबरच्या पहिल्या भाषणाची, तारीख ठरवा. चार ते सहा मिनिटं स्वतःबद्दल बोलायचंय, महिनाभर तयारीची गरज नाही. मेंटॉर देताना स्पर्धा जिंकलेल्या वक्त्याकडं बघू नका. ज्यानं अलीकडंच स्वतःचं आइसब्रेकर दिलंय, ज्याला अजून पोटात गोळा आलेला आठवतो, तो चांगला मेंटॉर होतो. मोठे वक्ते शिकवतात छान, पण नवख्याला त्यांच्यासमोर चुकायची लाज वाटते.

एवढं करूनही काही जण येणार नाहीत. मनाला लावून घेऊ नका. कुणाची शिफ्ट बदलते, गारगोटीकडच्या मुलीला शेवटची एसटी गाठायची असते. तिला मध्येच उठून जाऊ द्या, आणि तिचा रोल सुरुवातीलाच ठेवा. आठ मेंबरांवरही क्लबचं नूतनीकरण होतं, आकड्याच्या धास्तीनं माणसं ओढू नका. मी परत गेले, तशी माणसं उशिरानं का होईना परत येतात, फक्त कुणीतरी ओळखायला हवं.

त्यासाठी गेस्टच्या वहीत आणखी दोन रकाने आखा: दुसऱ्या भेटीची तारीख, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत कोण बसणार. दुसरा रकाना मीटिंगच्या आदल्या दिवशी भरा आणि त्या मेंबरला फोन करून सांगा. मीटिंग सुरू झाल्यावर कुणालाच सवड नसते.