मागायलाच घाबरता? ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना या चुका टाळा

घरगुती प्रार्थनासभेत विनंत्या सांगायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ नोकरी असो, मुलीचं लग्न असो, म्हाडाची सोडत असो की टाटा हॉस्पिटलमधून यायचा बायॉप्सीचा रिपोर्ट, सगळ्यांवर हेच एक वाक्य. वाक्य प्रभूच्याच तोंडचं आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पुष्कळदा ते भीतीपोटी येतं. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, त्यापेक्षा मागूच नये, असा सावधपणा त्याच्या आड लपलेला असतो. प्रार्थना कोरडी पडते, लांबत जाते किंवा बंदच होते, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

मागण्याच्या जागी समर्पण ठेवणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्यावर थोडं थांबू. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना मार्क १४:३६ मध्ये एकाच वचनात आहे. तिचे चार भाग सुटे करून पाहा. आधी हाक: ‘अब्बा, बापा’. मग देवाला काय शक्य आहे त्याची कबुली: तुला सगळं शक्य आहे. मग उघड, नेमकं मागणं: हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर. आणि शेवटी समर्पण: तरी माझ्या नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. आपण बहुधा पहिल्या भागावरून थेट चौथ्यावर उडी मारतो. मधले दोन गाळले की समर्पणाला वजन राहत नाही, कारण हातात काही धरलेलंच नव्हतं तर देवाच्या हाती सोपवलं काय?

मत्तयाच्या २६व्या अध्यायात आणखी एक गोष्ट दिसते. येशूने ही प्रार्थना तीनदा केली आणि पहिल्या दोन वेळांच्या शब्दांत फरक आहे. ३९व्या वचनात ‘शक्य असेल तर हा प्याला टळो’, तर ४२व्यात ‘मी प्यायल्याशिवाय तो टळणार नसेल तर तुझी इच्छा होवो’. म्हणजे प्रत्यक्ष प्रभूच्या प्रार्थनेतही शब्द पुढे सरकत गेले. पहिल्याच मिनिटाला आपलं मन शांत व्हावं अशी अपेक्षा आपण का ठेवावी?

करून पाहायची पद्धत सोपी आहे. एक वही घ्या आणि एका विनंतीसाठी चार ओळी लिहा. पहिल्या ओळीत फक्त हाक. दुसरीत या प्रसंगी देवाबद्दल तुम्हाला ठाऊक असलेली एक खरी गोष्ट, म्हणजे तो पुरवणारा आहे किंवा जवळ असणारा आहे. तिसरीत मागणं, एकाच वाक्यात, नाव आणि दिवस घालून: ‘गुरुवारच्या मुलाखतीत माझी निवड होऊ दे.’ चौथीत ‘तरी’ने सुरू होणारं वाक्य. शेजारी तारीख टाका. चौथी ओळ आज मनापासून लिहिता येत नसेल तर ती कोरी सोडा आणि उद्या पुन्हा त्याच पानावर या. कोरी ओळ चालेल. देवासमोर खोटी ओळ लिहू नका.

‘आशीर्वाद दे, सांभाळ, मार्ग दाखव’ एवढ्यावर थांबलेल्या प्रार्थनेची अडचण अशी की वर्षभराने उत्तर मिळालं की नाही हे कळायला काही मार्गच उरत नाही. आभार कशाचे मानायचे तेही ठरत नाही.

कोणी विचारेल की प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेत, तर ‘तुझी इच्छा’ आधी येते आणि रोजची भाकर नंतर. बरोबर आहे. बागेत समर्पण मागण्याच्या नंतर आहे, शिकवलेल्या प्रार्थनेत आधी. दोन्ही ठिकाणी मागणं मात्र आहेच, आणि भाकरीसारखं साधं मागणं आहे. महिनाअखेरचं रेशन आणि मुलाची शाळेची फी देवासमोर मांडायला लाजू नका.

जे घडलं ते सगळं देवाच्या नावावर घालणं

‘तुझी इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही होवो’ ही विनंती आहे. ती करायला शिकवलं याचाच अर्थ, पृथ्वीवर ती आपोआप आणि सगळीकडे होत असते असं नाही. निकृष्ट सिमेंट वापरून कोणी स्लॅब घातला आणि तो कोसळला, तर ते माणसाचं पाप आहे. दारू पिऊन घरात होणारी मारहाण ही ‘देवाने दिलेला क्रूस’ नाही. मार खाणाऱ्या बाईला प्रार्थनेबरोबर सुरक्षित जागा आणि पोलिसांची मदत मिळवून देणं हे मंडळीचं काम आहे. मयताच्या घरी तर ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण होऊन उच्चारूच नयेत. मित्र लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला (योहान ११:३५), तेवढं तिथे पुरतं.

देवाची इच्छा शोधताना उघड सांगितलेल्या गोष्टींपासून सुरुवात करावी. १ थेस्सलनीका ५:१६-१८ मध्ये आनंद, निरंतर प्रार्थना आणि उपकारस्तुती यांना स्पष्टपणे देवाची इच्छा म्हटलं आहे. मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणं, दया आवडणं आणि देवाबरोबर नम्रतेने चालणं आहे. एवढं आज अमलात आणलं की अंधेरीची नोकरी घ्यावी की ठाण्याची, या प्रश्नाचा ताण पुष्कळ हलका होतो.

भरवसा म्हणजे आवाज चढवणं, असं समजणं

१ योहान ५:१४ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात ‘धैर्य’ म्हटलं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘पार्रेसिया’, अर्थात मोकळेपणाने, न चाचरता बोलणं; स्वतंत्र नागरिकाला सभेत बोलण्याचा जो हक्क असे, त्यासाठीही तो वापरत. इब्री ४:१६ मध्ये कृपेच्या राजासनाजवळ ज्या धैर्याने जायचं, तिथेही हाच शब्द आहे. म्हणून प्रार्थनेतलं धैर्य निकालाच्या खात्रीवर उभं नसतं. ऐकणारा कोण आहे, याची खात्री त्याला पुरते. योहानाच्या त्याच वचनात ‘त्याच्या इच्छेप्रमाणे’ हे शब्दही आहेत. धैर्य आणि समर्पण त्याने एकाच वाक्यात बसवलेत.

हे ध्यानात आलं नाही की लोक दोन गोष्टी करू लागतात. एक, ‘बरं झालंच आहे’ असं जाहीर करून औषधं बंद करतात. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, केमोचं पुढचं सायकल, यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये, मग सांगणारा कितीही मोठा प्रचारक असो. पौलाच्या सोबत्यांत लूक होता आणि कलस्सै ४:१४ मध्ये त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. दुसरं, शंका आली की ती दाबून टाकतात. मार्क ९:२४ मधला बाप ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवून टाक’ ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलला, आणि त्याचा मुलगा बरा झाला. शंका असेल तर ती विनंतीतच घाला.

राजाच्या मूर्तीला नमन केलं नाही म्हणून जळत्या भट्टीत टाकायला आणलेल्या तिघांचं उत्तर (दानीएल ३:१७-१८) पाठ करून ठेवण्यासारखं आहे. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही मूर्तीला नमन करणार नाही, असं ते राजाला सांगतात. ‘तरीही’ म्हणताना त्यांचा आवाज खाली आलेला नाही.

खुणा मागत बसणं

डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं. किंवा ‘आजच्या आज फोन आला तर होकार समजेन’ अशी अट घालायची. गिदोनाच्या लोकरीचा दाखला यासाठी देतात (रात्री फक्त लोकर दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी, अशी खूण त्याने देवाकडे मागितली), पण शास्ते ६ नीट वाचलं तर लोकर ठेवण्याआधीच देवाने त्याला काय करायचं ते सांगितलेलं होतं. तो खूण मागतो ती ऐकलेल्या शब्दाची धास्ती घेतल्यामुळे, आणि एवढ्याने त्याचं समाधानही होत नाही. दुसऱ्या रात्री उलटी खूण मागतो.

पौलाची वाट अधिक उपयोगी आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तो तेव्हाच्या आशिया प्रांतात वचन सांगू पाहतो तर मनाई होते, बिथुनियात जाऊ पाहतो तर वाट अडते, मग मासेदोनियाचं बोलावणं येतं. तो घरी बसून नकाशावर प्रकाश पडायची वाट पाहत नव्हता. म्हणून याकोब १:५ प्रमाणे आधी शहाणपण मागा, मग चौकशी करा: पगार किती, प्रवासाचे तास किती, रविवारची उपासना चुकणार का. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांशी आणि पाळकांशी बोला. नंतर अर्ज करा. दार बंद झालं तर तेही मार्गदर्शनच.

नऊपैकी एक बुधवार चुकला, आता काय?

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) चालते आणि पुष्कळ जण ओळीने नऊ बुधवार करतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी) जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. यातली भक्ती खरी आहे. चूक होते ती नऊ या आकड्याची भीती बसते तेव्हा. सातव्या बुधवारी लोकल बंद पडली, पावसाने पाणी भरलं, आणि ‘आता सगळं वाया गेलं’ म्हणून माणूस हादरतो. प्रेषित प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट पाहत एकत्र प्रार्थना करत राहिले, ते दिवस नोव्हेनाच्या मुळाशी आहेत. हप्ता चुकला म्हणून दंड लागावा असा व्यवहार तिथे नव्हता. चुकलेली प्रार्थना घरी किंवा गाडीत करा आणि पुढच्या बुधवारी जा. आणि ‘तू हे कर, मग मी ते वाहीन’ असं बोलून बसला असाल तर ते वाक्य बदलून घ्या. आभाराची देणगी उत्तर येण्याआधीही देता येते.

जागेची अडचण मुंबईत खरीच आहे. मत्तय ६:६ मधल्या ‘खोली’साठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ कोठीची खोलीसुद्धा होतो. दहा बाय बाराच्या घरात तीही नसते. मग सकाळी पाणी भरून झाल्यावरची दहा मिनिटं ओट्यापाशी उभ्याने घ्या, जिन्यात घ्या किंवा गाडीत बसायला मिळालं तर डोळे उघडे ठेवून घ्या. रोज एक स्तोत्र वाचलं तर १५० स्तोत्रं साधारण पाच महिन्यांत होतात. रात्री अंथरुणावर पडल्यावरची वेळ मात्र ठरवू नका, झोप लागते आणि मग अपराधी वाटत राहतं.

‘नाही’ असं उत्तर आलं की तोंड बंद करणं

राग आणि निराशा देवापासून लपवणं हा श्रद्धेचा भाग आहे, असं आपल्याकडे उगाच मानतात. १३वं स्तोत्र उघडा. त्यात सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा वापरा: दोन वाक्यं तक्रारीची, दोन मागण्याची, दोन भरवशाची. शेवटची दोन जमली नाहीत तर ८८वं स्तोत्र आहे. ते काळोखावरच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

पौलाने शरीरातला काटा (आपल्याला छळणाऱ्या एका त्रासाला त्याने दिलेलं नाव) निघावा म्हणून तीनदा विनंती केली (२ करिंथ १२:८). काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे’ असं उत्तर मिळालं आणि त्यानंतर त्या काट्याबद्दलचं त्याचं मागणं थांबलं. एखादी विनंती किती दिवस लावून धरावी, याला ठरलेला आकडा नाही. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाकडे न्याय मागताना थकत नाही, तर पौल तीनदा मागून थांबतो. फरक एवढाच की पौलाला उत्तर मिळालं होतं. नसेल मिळालं तर मागत राहा.

आजाऱ्याच्या खाटेपाशी

इथे लांब प्रार्थना हीच चूक ठरते. वॉर्डात भेटीची वेळ थोडी, बाजूला दुसऱ्या धर्माचे रुग्ण, आणि आजारी माणूस दमलेला. आधी त्यालाच विचारा, ‘देवाजवळ काय मागू?’ तो ‘आज रात्री झोप लागू दे’ म्हणाला तर तेवढंच मागा; त्यात आपल्याकडून पूर्ण बरं होण्याची भर घालू नका आणि ‘तुझी इच्छा असेल तर’ असंही जोडू नका. ते शब्द त्याचे आहेत, तो तयार होईल तेव्हा म्हणेल. त्याला चालणार असेल तर हात हातात घ्या, त्याचं नाव घ्या, हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोला, सोबत प्रभूची प्रार्थना म्हणा. त्याला ओठ हलवता आले नाहीत तर तुम्ही सावकाश म्हणा. शब्दच सुचले नाहीत तर रोम ८:२६ प्रमाणे आत्मा स्वतः मध्यस्थी करतो. गप्प बसून राहा, आणि निघताना उद्या कोण येणार आहे ते त्याला सांगा.