कथेच्या आशयसूत्रावर निबंध लिहिताना या चुका टाळा

बरेच निबंध पहिल्याच वाक्यात अडकतात. ‘या कथेचं आशयसूत्र एकाकीपणा आहे.’ वाक्य खोटं नसतं, पण त्याच्यापुढे लिहायचं काय हेच कळत नाही. एकाकीपणा हा विषय झाला. कथा त्या विषयाबद्दल काय म्हणते ते आशयसूत्र, आणि ते मांडायला पूर्ण वाक्य लागतं.

रशियन लेखक अंतोन चेकॉव्ह यांची १८८६ सालची एक छोटी कथा घेऊ. इंग्रजीत ती ‘मिझरी’ या नावाने ओळखली जाते. आयोना हा बर्फावरची घोडागाडी हाकणारा म्हातारा. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे. त्या संध्याकाळी तो गिऱ्हाइकांना ते सांगू पाहतो, कोणी ऐकून घेत नाही, शेवटी तबेल्यात तो घोडीला सगळं सांगतो.

या कथेवर ‘कोणालाच आयोनाची पर्वा नाही’ असं लिहिलं तर वाक्य पूर्ण झालं, पण ते खरं आहे का? पहिलं गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी आहे. तो चक्क विचारतो, मुलगा कशाने गेला? आयोना पूर्ण वळून ताप आला होता म्हणून सांगू लागतो, तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी ओरडतं, अधिकाऱ्याला उशीर होत असतो, आणि तो डोळे मिटून घेतो. नंतरच्या तीन तरुणांपैकी एक म्हणतो, मरायचं तर सगळ्यांनाच आहे. म्हणजे माणसं विचारतात, उत्तरही देतात. थांबत मात्र नाहीत. आता विधान बदलावं लागतं: दुःख नुसतं कळवून हलकं होत नाही, त्याला शेवटपर्यंत ऐकणारा लागतो. हे वाक्य निबंध पेलू शकेल, कारण यावर कोणी ‘मला नाही पटत’ असं म्हणू शकतं.

इथेच मला सर्वांत मोठी वाटणारी चूक दिसते. आपल्या विधानाला अडचणीचे ठरणारे तपशील विद्यार्थी गुपचूप गाळतात. तो अधिकाऱ्याचा प्रश्न गाळला असता तर निबंध सोपा झाला असता आणि उथळही. मसुदा झाल्यावर कथा पुन्हा वाचा, ती केवळ आपल्या विरोधातले पुरावे शोधण्यासाठी. सापडले तर विधान मोडत नाही, नेमकं होतं.

दुसरी सवय म्हणजे गोष्ट पुन्हा सांगत बसणं. ‘मग तो तबेल्यात जातो, मग तो घोडीजवळ उभा राहतो.’ वाचणाऱ्याने कथा वाचलेलीच आहे. एक उपाय करून पाहा: परिच्छेदातली ‘मग’, ‘नंतर’, ‘त्यानंतर’ने सुरू होणारी वाक्यं पेन्सिलीने खोडा आणि उरलेलं वाचा. काहीच उरलं नाही, तर तिथे विश्लेषण नव्हतंच.

अवतरणांचंही असंच. ओळ उचलून टाकली आणि ‘यावरून दुःख दिसते’ म्हणून पुढे गेलं, की ती ओळ वाया जाते. कथेच्या सुरुवातीला आयोना बर्फाने पांढरा झालेला, वाकून, न हलता बसला आहे आणि त्याची घोडीही तशीच पांढरी, निश्चल. दोघांचं वर्णन एकाच चित्रात का? हा प्रश्न विचारला की शेवट उलगडतो. घोडी हा शेवटचा नाइलाज नाही. पहिल्या परिच्छेदापासून तीच त्याच्या बरोबरीची आहे. एका तपशिलावर अशी चार-पाच वाक्यं थांबता आलं पाहिजे. पाच अवतरणांपेक्षा दोनच घ्या, पण पिळून घ्या.

तात्पर्य सांगण्याचा मोह आवरा. ‘आपण इतरांचं दुःख ऐकलं पाहिजे’ ही शिकवण आहे. कथा कुठेही असं सांगत नाही. ‘पाहिजे’, ‘नये’ ही क्रियापदं दिसली की थबका.

लेखकाचं चरित्रही जपून वापरा. चेकॉव्ह डॉक्टर होते हे खरं, पण म्हणून ही कथा अशी आहे, असं म्हणायला कथेतच आधार हवा. कथेतल्या घटना वर्तमानकाळात लिहा (‘आयोना सांगतो’), आणि मध्येच भूतकाळात घसरू नका.

काहीच सुचत नसेल तर कथेचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. काय बदललं, काय तसंच राहिलं, हे दोन रकान्यांत लिहा. या कथेत आयोनाचं मौन सुटतं, पण ऐकणारं माणूस त्याला अजूनही मिळालेलं नाही. ‘पण’च्या दोन्ही बाजूंना जे आहे त्यातून विधान निघतं. प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी लिहा, कारण निबंध लिहिता लिहिता विधान बदललेलं असतं आणि जुनी प्रस्तावना दुसऱ्याच निबंधाची वाटू लागते.