‘गो ऑफ’चा नेमका अर्थ वाक्यातून कसा ओळखावा

‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला आणि ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. क्रियापद एकच, पण एकीकडे आवाज सुरू होतो, दुसरीकडे उजेड बंद होतो. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे स्विचमुळे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पहिल्या वाक्याला हमखास गाडी अडते. अर्थांची यादी घोकून फारसं साधत नाही. त्यापेक्षा वाक्याकडे पुढीलप्रमाणे बघा.

१. आधी कर्ता शोधा. निम्मं काम इथेच होतं. बॉम्ब असेल तर फुटला, बंदूक असेल तर गोळी सुटली. गजर किंवा सायरन असेल तर वाजला. दिवे, हीटर असतील तर बंद झाले. दूध, मासे असतील तर नासले. माणूस असेल तर बहुधा कुठेतरी निघून गेला. बैठक किंवा समारंभ असेल तर पार पडला, पण मग कसा पार पडला हे सांगणारा ‘वेल’सारखा शब्द सोबत असतो.

‘ऑफ’चा जुना भाव ‘पासून दूर, सुटून’ असा आहे. गजर आणि बंदूक लक्षात ठेवायला तो छान उपयोगी पडतो: अडकवून ठेवलेलं काहीतरी सुटलं. ही युक्ती फार ताणू नका, दुधापर्यंत ती काही पोचत नाही.

२. मग ‘ऑफ’च्या पुढे काय आलंय ते पाहा. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं. इथे सर्वनाम शेवटीच येतं: ‘गॉन ऑफ इट’. ‘गॉन इट ऑफ’ चुकीचं. पुढे ‘विथ’ आलं, जसं ‘शी वेंट ऑफ विथ माय पेन’, तर ती माझं पेन घेऊन गेली, आणि बहुतेक न विचारताच! ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ हे अमेरिकन बोलण्यातलं, म्हणजे तो माझ्यावर जाम भडकला.

३. तरी शंका उरली तर शब्दकोशात ‘गो’ काढा आणि त्याखालची फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून बनलेली क्रियापदं, पाहा. अर्थाशेजारची ‘ब्रिटिश’, ‘अनौपचारिक’ अशी खूण वगळू नका. नासलेल्या दुधाला ब्रिटनमध्ये ‘गॉन ऑफ’ म्हणतात, अमेरिकेत सहसा ‘गॉन बॅड’. ही क्रियापदं परक्यांना सगळ्यात जड जातात, असं सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय, त्यामुळे अडखळलात तर वाईट वाटून घेऊ नका.

४. शेवटी स्वतःची वाक्यं लिहा, शक्यतो दोन अर्थ शेजारी ठेवून. उदाहरणार्थ, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲण्ड आय टर्न्ड इट ऑफ.’ पहिल्या ‘ऑफ’ला गजर वाजतो, दुसऱ्याला गप्प बसतो. असंच एक वाक्य दिवे आणि सायरन घेऊन करून बघा.