आंदोलनाची पोस्ट टाकण्यापूर्वीची तयारी

रास्ता रोको, ठिय्या किंवा उपोषण म्हटले की मंडप, ध्वनिक्षेपक, पाण्याची सोय आणि निवेदनाच्या प्रती कोणालाही आठवतात, त्यामुळे त्यांवर येथे शब्द खर्च करत नाही. ही यादी मोबाईलवरून चालणाऱ्या आंदोलनाची आहे, कारण रस्त्यावरच्या घोषणेइतकेच व्हॉट्सॲपचे स्टेटस आणि फेसबुक लाईव्हही आता फिर्यादीत येते. पीकविम्यासाठी झालेल्या गेल्या आंदोलनात आमच्याकडे बाकी सर्व काही होते, फक्त मूळ व्हिडिओ नव्हता. म्हणून सर्वांत आधी तेच सांगतो. प्रत्येक भाषणाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे, मध्ये कोठेही न कापलेले चित्रीकरण झाले पाहिजे आणि ती मूळ फाईल ज्या फोनवर तयार झाली त्याच फोनमध्ये राहिली पाहिजे.

त्या वेळी एका वक्त्याने, कार्यालयाला कुलूप ठोकण्याची भाषा काही जण करतात परंतु आपण तसे काहीही करणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते. कोणीतरी वाक्याचा पहिला अर्धा भाग कापून पसरवला, आणि संपूर्ण भाषण ज्या फोनमध्ये होते त्या फोनमधून ते जागा रिकामी करताना निघून गेले. शब्दांचा अर्थ संपूर्ण भाषणातून लावायचा, सुट्या तुकड्यावरून नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलेले आहे; परंतु संपूर्ण भाषण दाखवता आले नाही तर त्या तत्त्वाचा उपयोग काय?

चित्रीकरण पुरावा म्हणून कसे सिद्ध करायचे, याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर आपल्या जालन्याच्याच प्रकरणातला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेला वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने ठरवले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्या उपकरणावर नोंद प्रथम साठवली गेली ते मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये आले असून त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईल जराही बदलली की बदलणारी तिची सांकेतिक ओळखही, द्यावी लागते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकाराने दाबला जातो, त्याची हॅश व्हॅल्यू बदलते आणि तो मूळ राहत नाही. “ग्रुपवर आहे की” हे उत्तर म्हणूनच चालणार नाही. ग्रुपवर असते ती दाबलेली प्रत. मूळ फाईल फोनमध्येच ठेवावी, तिची दुसरी प्रत केबलने संगणकावर घ्यावी, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि चित्रीकरण करणाऱ्याच्या फोनमध्ये पुरेशी जागा आहे की नाही हे आदल्या दिवशी स्वतः डोळ्यांनी पाहावे. चित्रीकरण करणारे दोन जण असावेत. फेसबुक लाईव्हवर विसंबू नये, कारण नेट केव्हाही तुटते आणि खाते केव्हाही बंद होऊ शकते.

परवानगीचा अर्ज वेळेत द्यावा आणि पोच घ्यावी. त्याबरोबरच जिल्ह्यात मनाई आदेश, म्हणजे जमण्यावर बंदी घालणारा आदेश, चालू आहे का हे पाहावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील आदेश मराठवाड्याच्या जिल्ह्यांत सणावाराला आणि आंदोलनांच्या काळात एकामागून एक निघत असतात. आदेशाची प्रत मिळवून तारीख वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये. परवानगी नाकारली गेली तर सारे संपले असेही समजू नये. माजलगाव येथील धरण्याला असाच आदेश पुढे करून परवानगी नाकारली गेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि केवळ एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून शांततेने आंदोलन करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट नमूद केले. मात्र आदेश चालू असताना जमण्याचे आवाहन पोस्टमधून केले, तर ती पोस्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते, हे लक्षात ठेवावे.

आता मजकुराविषयी, आणि येथे घाई करू नये. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ, म्हणजे ऑनलाईन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारे कलम, घटनाबाह्य ठरले. आजही कोणी ते कलम लावतो असे म्हणाला, तर ते अस्तित्वात नाही हे त्याला लेखी कळवावे. त्या निकालाने आखलेली रेषा पाठ करण्यासारखी आहे: चर्चा करणे आणि एखाद्या मताचा जोरदार पुरस्कार करणे, मग ते कितीही अप्रिय असो, राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या संरक्षणात येते, चिथावणी सुरू होते तेथे निर्बंधाचा प्रश्न उभा राहतो. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी अनुच्छेद ३७० विषयीच्या निर्णयावर टीका करणारे स्टेटस ठेवले, म्हणून नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शब्दांची कसोटी पुन्हा सांगितली: ती डळमळीत मनाच्या माणसाची नव्हे, तर विचारी, खंबीर आणि धीट माणसाची असावी.

म्हणजे सरकारवर, मंत्र्यांवर, विमा कंपनीवर, पंचनाम्यातील गैरप्रकारांवर कठोर लिहावे, अवश्य लिहावे. ज्याचे सोयाबीन पाण्यात सडले त्याने सौम्य बोलावे अशी अपेक्षा कायदाही करत नाही. परंतु “उद्या अकराला अमुक ठिकाणी या आणि अमुक जाळा” हे मत नव्हे. दहापेक्षा अधिक लोकांना किंवा जनतेला गुन्ह्यास प्रवृत्त करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ५७ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. एका समाजाविरुद्ध दुसऱ्या समाजात वैर पसरवणारा मजकूर त्याच संहितेच्या कलम १९६ मध्ये, तशा परिणामाची खोटी माहिती किंवा अफवा कलम ३५३ मध्ये येते. जातीवाचक शब्द तर कोणाच्याही रागाच्या भरात पोस्टमध्ये येता कामा नये. तो अन्यायकारक आहेच, शिवाय ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ ने अटकपूर्व जामिनाची वाटही साधारणपणे बंद केलेली आहे. गावागावांत आरक्षणाच्या प्रश्नावरून मने दुखावलेली असताना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदारांचे घर पेटवले गेले त्यापूर्वी एक ध्वनिफीत व्हायरल झाली होती. त्या दिवशी बीडमध्ये जाळपोळ झाली आणि संचारबंदी लागली. क्लिप पुढे पाठवणाऱ्याच्या हातात काय असते हे मराठवाड्याला बाहेरून शिकवण्याची गरज नाही.

कलम ३५३ मध्ये एक अपवाद आहे आणि तो फार उपयोगाचा आहे: माहिती खरी आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, आणि ती सद्भावनेने व तसा उद्देश नसताना प्रसिद्ध केली असेल, तर गुन्हा होत नाही. “वाजवी कारण” नंतर आठवून सांगता येत नाही, ते जपून ठेवावे लागते. माहिती कोणाकडून आली, केव्हा आली, आपण कोणाला विचारून खात्री केली, याची नोंद ठेवावी. आणि पुन्हा तेच: मूळ फाईल ठेवावी. लाठी चालल्याचा, शिवीगाळ झाल्याचा, ट्रॅक्टर अडवल्याचा व्हिडिओ तुम्ही प्रसिद्ध करणार असाल, तर तो खरा असल्याचा तुमचा आधार मूळ फाईल हाच आहे. तिच्याशिवाय पोस्ट टाकूच नये.

ग्रुपमध्ये संदेश पाठवण्याचा अधिकार आंदोलनाच्या दोन दिवस आधीपासून फक्त ॲडमिनकडे ठेवावा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान उद्देश दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे. पण निकाल हाती येईपर्यंतची वर्षे ॲडमिनलाच काढावी लागतात. ‘डिसॲपियरिंग मेसेजेस’ बंद करावे, कारण आपल्या बाजूचे संदेशही त्यातच नाहीसे होतात. फॉरवर्ड करणे म्हणजे मजकुराला मान्यता देणे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते, तेव्हा “मी फक्त पुढे पाठवले” हा बचाव धरून चालू नये.

प्रतिबंधक नोटीस, म्हणजे ज्येष्ठ कार्यकर्ते अजूनही जिला १४९ ची नोटीस म्हणतात ती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती स्वीकारावी, वाद घालू नये, लेखी उत्तर द्यावे. तक्रार झाल्याचे कळले तर पोस्ट किंवा चॅट पुसून टाकू नये. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खालील प्राथमिक चौकशीची मागणी लेखी करावी. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ती करणे योग्य, असे प्रतापगढी प्रकरणात म्हटले आहे.

अटक झाल्यास कारणे विचारावीत, नातेवाइकाला कळवायला सांगावे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलेच पाहिजे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. फोन जप्त होत असेल तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि त्यात मूळ व्हिडिओ असल्याचा उल्लेख लिहून घ्यावा.

पुढची कामे वकिलांची आहेत. अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात, आणि गुन्हा रद्द करण्याचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. परवानगीचा अर्ज व पोच आणि मनाई आदेशाची प्रत आंदोलनाच्या आदल्या दिवशीच वकिलांच्या कार्यालयात नेण्यासाठी एक जण नेमावा. संपूर्ण भाषणाचे लेखी टिपण आणि मूळ फाईलची प्रत असलेला पेनड्राइव्ह आंदोलनाच्याच संध्याकाळी पोचवण्याची जबाबदारीही त्याचीच.