वसाहतकालीन नायजेरियातील डॉक्टरांच्या नेमणुका कशा अभ्यासाव्यात

ब्रिटिश अमलाखालील नायजेरियात स्थानिक डॉक्टर किती होते, हे शोधताना पहिला आकडा हाती येताच थांबू नये. आधी हुद्दा तपासावा. वैद्यकीय अधिकारी, साहाय्यक वैद्यकीय अधिकारी आणि वैद्यकीय साहाय्यक ही पदे कानाला सारखी वाटतात, पण शिक्षण, अधिकार आणि पगार यांत त्यांच्यात मोठे अंतर होते. तिघांची सरसकट बेरीज केली, तर प्रत्यक्षात नसलेले डॉक्टर आपल्या कागदावर उभे राहतात.

सुरुवात ‘ब्लू बुक’ या सरकारी वार्षिक पुस्तकांपासून करावी. त्यांत पद, नाव, नेमणुकीची तारीख आणि पगार यांचे रकाने असतात. एकच नाव निवडून ते पुढच्या पाच-सहा वर्षांच्या पुस्तकांत शोधत जावे आणि त्याच सुमारास रुजू झालेल्या युरोपीय अधिकाऱ्याची ओळ शेजारी लिहून घ्यावी. बढती कोणाला मिळाली आणि कोणाची अडली, हे त्या दोन ओळींतूनच कळते.

मात्र कारण शोधायला १९०२ पर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी स्थापन झालेल्या वेस्ट आफ्रिकन मेडिकल स्टाफमध्ये, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या सरकारी वैद्यकीय सेवेत, युरोपीय वंशाच्याच उमेदवारांना प्रवेश होता. पात्र माणसे नव्हती म्हणून असे झाले, हा समज मनातून काढून टाकावा. सिएरा लिओनचे जेम्स आफ्रिकानस हॉर्टन १८५९ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर होऊन ब्रिटिश सैन्यात दाखल झाले होते आणि १८९० च्या दशकात जॉन फॅरेल ईझमन हे गोल्ड कोस्टचे (आजच्या घानाचे) मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. मिळालेली जागा नंतर काढून घेतली गेली, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

प्रशिक्षणाकडे वळल्यावर १९३० मध्ये लागोसजवळ सुरू झालेल्या याबा वैद्यकीय शाळेविषयी एकच प्रश्न आधी विचारावा: तेथील पात्रतेवर ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी होत होती का? होत नव्हती. याबाच्या उच्च महाविद्यालयातील अशाच दुय्यम पदविकांवरील संतापातून १९३४ मध्ये लागोस यूथ मूव्हमेंट ही राजकीय संघटना उभी राहिली. लंडन विद्यापीठाच्या पदवीशी जोडलेले शिक्षण १९४८ मध्ये इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमुळे आले.

सरकारी अहवालासोबत त्या काळची स्थानिक वृत्तपत्रेही वाचावीत. १९३७ पासूनचे ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ त्यासाठी उपयोगी पडते.