दोन वर्षांचं पोर बोलत नाहीये? घरी आधी हे बघा

"मुलगे उशिराच बोलतात, त्याचा काका पण तसाच होता" हे आमच्याकडे कोथरूडला सगळ्यांनी ऐकवलं आणि त्यात आमचे चार महिने गेले, म्हणून लिहितेय.

शब्द मोजत बसू नका, ऑटिझम (स्वमग्नता) तर नाही ना हे बघायला आधी बोट बघा. गॅलरीत उभं राहून लांबच्या पीएमटीकडे बोट करा आणि म्हणा "ती बघ बस!" पोर बसकडे बघतं, की तुमच्या बोटाकडे, की कुठेच नाही? आणि त्याला काही भारी दिसलं तर ते तुम्हाला बोट करून दाखवतं का? हवंय म्हणून हात ओढून नेणं वेगळं हां, त्यात फसू नका (आम्ही फसलो). मग मागून नावाने हाक मारा, टीव्ही बंद करून.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची शक्यता बघणारी एम-चॅट-आर नावाची २० हो-नाही प्रश्नांची यादी आहे, फुकट मिळते. शंकेची उत्तरं ३ किंवा जास्त आली तर पुढे दाखवायचं. पण हे निदान नाही, नुसती चाळणी आहे, लगेच रडत बसू नका.

पीडियाट्रिशियनकडे जाताना दोन-तीन साधे व्हिडिओ न्या, तिथे पोर वेगळंच वागतं. कानाची बेरा टेस्ट आधी करून घ्या, ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? खाजगीत परवडत नसेल तर सरकारी डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं जिल्ह्याचं केंद्र) तपासणी मोफत होते. थेरपीसाठी रिपोर्टची वाट बघू नका, नंबर लावून ठेवा.